सांधा धरला पाहिजे, आणि सुटलाही पाहिजे



मागच्या कापणीच्या सणाला आपल्या मंडळ्यांतून आलेल्या अर्पणाचा काही भाग उर्से परिसरातील एका कातकरी वाडीच्या पाण्याच्या कामासाठी वापरला. ते कळल्यावर अनेकांनी मला विचारले, "ताई, त्या वाडीला तर तीन वर्षांपूर्वीच पाईप दिला होता ना? मग आता पुन्हा कसला खर्च?" प्रश्न रास्त आहे. कष्टाचा पैसा देणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. या वेळचा खर्च पाईपवर झाला नाही. तो पाईपच्या सांध्यांवर झाला. एवढ्याशा गोष्टीवर आम्ही दोन उन्हाळे का घालवले आणि त्यातून काय शिकलो, ते या लेखात सविस्तर सांगते.

उर्से म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आठवतो. हे गाव पवन मावळात येते. गावच्या हद्दीत फिनोलेक्सचा पाईपचा कारखाना आहे. पवना धरणाचे पाणी नदीतून वाहत जाते आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून पिंपरी-चिंचवडला दिले जाते. मावळात पाईप हा साधा विषय नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बंद जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले, ते येथे कोणी विसरलेले नाही. मी ज्या पाईपबद्दल लिहिते आहे तो मात्र जेमतेम दोन बोटे जाडीचा आहे. डोंगरातल्या एका झऱ्यापासून वाडीतल्या प्लास्टिकच्या टाकीपर्यंत तो गवतातून, खडकांवरून येतो.

पाईप दरवर्षी का उघडावा लागतो?

कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. वाडीतली बरीच कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. म्हातारी माणसे, काही बाया आणि शाळेतली मुले मागे राहतात. मावळात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावर तो थांबत नाही. जानेवारी सरला की वाडीजवळचे पाणी आटते आणि वरचा झरा तेवढा उरतो.

म्हणून जानेवारीत पाईप अंथरायचा आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की गुंडाळून ठेवायचा, अशी वाडीची रीत आहे. पाईप तसाच ठेवला तर ओढ्याचे पाणी त्याला ओढून नेते. जमिनीत पुरावा म्हटले तर खाली कातळ आहे, शिवाय जमीन वनखात्याची असल्याने खोदाईला परवानगी लागते. मधल्या काळात कधी वणवा लागतो आणि काळ्या पाईपचे दोन-चार तुकडे वितळतात. जळालेला भाग कापून टाकावा लागतो. पहिल्या वर्षी या चारशे मीटर पाईपला तीन सांधे होते. तिसऱ्या वर्षी ते अकरा झाले.

आणखी दोन कारणे आहेत. झऱ्यातून पाला, गाळ, कधी खेकड्याचे पिल्लू पाईपमध्ये शिरते. पाणी बंद पडले की ते कुठे अडकले हे शोधायला एकेक सांधा उघडून पाहावा लागतो. दुसरे म्हणजे हवा. पाईप जिथे उंचवट्यावरून जातो तिथे वरच्या बाजूला हवा साठते आणि पाणी पुढे जायला अडते. तिथला सांधा क्षणभर सैल केला की फुस्स आवाज होतो आणि धार सुरू होते. म्हणजे सांधा पक्का असून भागत नाही, तो हवा तेव्हा उघडताही आला पाहिजे.

सांधा सुटतो तेव्हा

पहिल्या दोन वर्षांत वाडीतली माणसे सायकलची ट्यूब कापून सांध्यावर गुंडाळत आणि वरून बांधकामाची तार आवळत. तार रबर कापायची आणि दरवर्षी सोडवताना पाईपचे टोकही खराब व्हायचे. मग टोक कापा, पुन्हा जोडा. असे करत पाईपच आखूड होत गेला.

तिसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. बाजारातून स्वस्तातल्या क्लिपा आणल्या आणि "आता काळजी नको" असे सांगून आले. मार्चमध्ये एका रात्री मधला सांधा सुटला. सकाळी टाकी कोरडी होती. बाया खालच्या विहिरीवर गेल्या, त्यात सातवीतली एक मुलगीही गेली, आणि तिला त्या दिवशी वार्षिक परीक्षेच्या पेपरला उशीर झाला. मी दुपारी पोहोचले तेव्हा तिची आजी मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, पाईप कुठं फुटत नाय. सांध्यातच सुटतो."

त्या वाक्यात सगळे आले होते. आम्ही पाईप विकत घेतला होता आणि सांधा मात्र नशिबावर सोडला होता.

पाणी किती जोराने ओढते?

आपल्याला वाटते, सांधा गळतो म्हणून क्लिप आवळायची. पण गळणे आणि निसटणे हे दोन वेगळे आजार आहेत.

पाण्याचा दाब उंचीवरून ठरतो. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. आमचा झरा टाकीपेक्षा सुमारे ३० मीटर वर आहे. खालचा नळ बंद असताना तळाशी चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब येतो. ३२ मिलिमीटरच्या पाईपच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे वळणाजवळचा किंवा बंद नळाजवळचा सांधा पाणी २४ किलोच्या जोराने ओढत असते. तांदळाचे एक पोते त्या सांध्याला टांगले आहे असे समजा. पाईप ६३ मिलिमीटरचा असता तर हाच जोर ९० किलोच्या वर गेला असता. नळ झटकन बंद केला तर धावते पाणी अचानक अडते आणि क्षणभर याहून मोठा धक्का बसतो.

त्यात ऊन भर घालते. हा काळा पाईप पॉलिथिनचा असतो. १०० मीटरचा रिकामा पाईप २० अंशांनी तापला की ३० ते ४० सेंटिमीटरने लांबतो आणि रात्री तेवढाच आखडतो. ताणून सरळ अंथरलेला पाईप आखडताना सांध्यातून स्वतःच बाहेर येतो. आमचा सांधा रात्री का सुटला, याचा उलगडा इथे झाला. तेव्हापासून आम्ही पाईप सापासारखा थोडा वळणे देत अंथरतो.

आधी जगाने काय केले आहे ते पाहिले

नवे काही करण्याआधी जुने पाहावे म्हणून मी आणि वाडीतला एक तरुण, जो भट्टीवर इंजिन दुरुस्त करायला शिकला आहे, एकेक प्रकार पाहत गेलो.

पीव्हीसी पाईप सोल्युशन लावून चिकटवतात. तो जोड कायमचा. पॉलिथिनला तर ते सोल्युशन धरतच नाही. पॉलिथिनची टोके गरम तव्यावर वितळवून एकमेकांना दाबली तर चांगला जोड होतो, पण तो पुन्हा उघडायचा तर कापावा लागतो आणि वाळलेल्या गवतात विस्तव नेण्याचे धाडस कोणी करू नये.

गॅरेजमध्ये मिळणारी, स्क्रूने आवळायची पट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला जुबिली क्लिप म्हणतात. ब्रिटिश आरमारात काम केलेल्या लमली रॉबिन्सन यांनी १९२१ साली तिचे पेटंट घेतले. शंभर वर्षे झाली, ती अजून टिकून आहे, कारण स्क्रू फिरवला की ती आवळते आणि उलटा फिरवला की सुटते. पण ती मुळात मऊ रबरी नळीसाठी आहे. पॉलिथिनचा पाईप तिच्या दाबाखाली हळूहळू दबत जातो, आठवड्याने क्लिप सैल पडते. स्वस्त क्लिप एका पावसाळ्यात गंजते आणि तिच्या स्क्रूची खाच झिजते.

शेतकरी तुषार सिंचनाच्या पाईपला हुक-कडीचा जोड वापरतात. तो तर पाय देऊनही लागतो. त्यातले रबर पाण्याच्या दाबानेच फुगून बसते. पंप चालू असताना तो उत्तम, पण आमच्या वरच्या भागात दाब फार कमी, तिथे तो ठिबकत राहिला.

बाजारात प्लास्टिकचे पिळून बसवायचे कपलरही मिळतात. नवा, गोल, ठरल्या मापाचा पाईप असेल तर मी आजही तेच घ्या असे सांगेन. आमची अडचण वेगळी होती. आमच्या पाईपची टोके वणव्याने आणि तारेने वाकडी झालेली, काही तुकडे दुसऱ्याच मापाचे, आणि कपलर उघडला की त्याची कडी, रिंग, नट असे भाग गवतात हरवायचे.

दोन नमुन्यांनी खरी वाट दाखवली. पहिला नमुना आपण मोठ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाहू शकता. छताखाली आग विझवण्याचे लाल पाईप असतात. त्यांच्या सांध्यावर दोन अर्धगोल लोखंडी तुकडे दोन बोल्टने जोडलेले दिसतील. आत रबरी कडे असते, आणि पाईपला कोरलेल्या खाचेत लोखंडाची कड अडकलेली असते. पाणी रबर थोपवते आणि ओढ लोखंड सोसते. दुसरा नमुना दूध डेअरीतला. तिथले पाईप रोज उघडून धुवावे लागतात. म्हणून त्यांच्या क्लॅम्पला एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला हाताने फिरवायचा पंखाचा नट असतो. पाना लागत नाही आणि काही हरवत नाही.

आमचा क्लॅम्प

या दोन्हींतून आम्ही कागदावर चार कामे लिहिली. क्लॅम्पने पाणी थोपवले पाहिजे. पाईप धरून ठेवला पाहिजे. सांधा वाकू देता कामा नये. आणि तो पुन्हा पुन्हा उघडता आला पाहिजे. एका लहान वर्कशॉपमध्ये बसून त्याला रूप दिले ते असे:

१. आतला आधार. दोन्ही टोकांच्या आत एक आखूड कडक नळी, म्हणजे निप्पल, घालायचे. बाहेरून आवळताना मऊ पाईप चेपू नये म्हणून ते हवेच. निप्पलमुळे पाण्याची वाट थोडी अरुंद होते, म्हणून झऱ्याच्या तोंडाशी जाळी बसवणे आवश्यक ठरले.

२. रबर. दोन्ही टोके जिथे भिडतात तिथे वरून रबराची बाही. आधी जुन्या ट्यूबचे रबर घेतले, ते उन्हाने तडकले. आता ईपीडीएम रबर वापरतो. गाड्यांच्या दारांना लावतात ते हेच, आणि ते उन्हापावसात टिकते.

३. कवच. पत्र्याचे दोन अर्धगोल, एका बाजूला बिजागरीने जोडलेले. मधला भाग रबरावर बसतो. दोन्ही कडेचा भाग रबराच्या पलीकडे थेट पाईपला धरतो, आणि तिथे आतून बारीक दाते आहेत. पाणी थोपवणे आणि पाईप धरणे ही दोन कामे अशी वेगळी केली. निप्पल या दात्यांच्या खालपर्यंत पोहोचले पाहिजे, नाहीतर दाते पाईपला चेपतात आणि पकड सुटते.

४. बोल्ट. दुसऱ्या बाजूला पंखाचा नट असलेला बोल्ट, खाचेतून बाजूला कलणारा. बोल्टचे टोक ठोकून थोडे पसरट केले, त्यामुळे नट सैल होतो पण निघून पडत नाही. आता क्लॅम्पचा एकही सुटा भाग गवतात पडत नाही.

आमच्या चुका

पहिला नमुना गळला. आम्ही नट आवळत राहिलो, तरी गळतच राहिला. शेवटी वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी बोट ठेवले. कवचाच्या दोन्ही कडा एकमेकींना आधीच टेकल्या होत्या. लोखंड लोखंडाला भिडल्यावर नट कितीही फिरवा, रबरावर दाब वाढणार कसा? पूर्ण आवळल्यावरही दोन कडांमध्ये तीन-चार मिलिमीटर फट उरली पाहिजे. आम्ही कडा घासून कमी केल्या आणि गळती थांबली.

दुसरी चूक माझी. गंज नको म्हणून स्टीलचा बोल्ट आणि स्टीलचाच नट घेतला. दोन-तीनदा आवळल्यावर ते एकमेकांत असे अडकले की बोल्ट कापावा लागला. आता आट्यांना किंचित ग्रीस लावतो. ते ग्रीस रबराला मात्र लागू द्यायचे नाही, कारण खनिज तेलाने रबर फुगते. रबर बसवताना साबणाचे पाणी पुरते.

तिसरी चूक सर्वांची. क्लॅम्प आमच्या हातांनी उघडत होता, म्हणून तो झाला असे आम्ही धरले. ज्या आजींनी मला पहिले वाक्य ऐकवले त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांच्या बोटांना तो पंख पुरेना. जानेवारी ते मे वाडीत कोण असते? त्याच असतात. मग पंख मोठा केला. आता त्या तळहाताने ढकलून नट सैल करतात.

तपासणी आणि स्वच्छता

सांधा लावल्यावर क्लॅम्पच्या दोन्ही कडांना पाईपवर खडूने किंवा पेनने रेघ मारायची. नळ बंद करून पाईप रात्रभर भरलेला ठेवायचा. सकाळी रेघ क्लॅम्पपासून सरकलेली दिसली तर पकड कमी आहे. रेघ जागेवर पण रबर ओले असेल तर दाब कमी आहे. कोणता आजार आहे ते असे कळते आणि उगाच आवळाआवळी होत नाही. आठवड्याने एकदा नट पाहावा, कारण पॉलिथिन थोडे बसते.

थेंब थेंब गळती क्षुल्लक वाटते, म्हणून एक हिशेब. मिनिटाला २०० मिलिलिटरचा एक पेला गळला तर दिवसाला २८८ लिटर जाते. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका सांध्यातून पाच माणसांचे पाणी गवताला जाते.

त्याहून महत्त्वाची बाब आरोग्याची. पाणी बंद झाल्यावर पाईप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर येत होते त्याच फटीतून बाहेरचा चिखल आत जातो. गुरे बसतात त्या जागेजवळचा गळका सांधा म्हणजे मुलांच्या जुलाबाला आमंत्रण. म्हणून सांधा उघडला की टोके धुवायची, जोडल्यावर पहिले पाणी वाहून जाऊ द्यायचे, आणि टाकीत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना विचारून टीसीएल पावडरची योग्य मात्रा टाकून घ्यायची. ओटी टेस्ट कशी करतात, हे वाडीतल्या दोन मुली शिकल्या आहेत.

आपल्याकडून काय हवे?

आमचा क्लॅम्प हा काही मोठा शोध नाही. मोठ्या दाबाला, मोठ्या पाईपला तो चालणार नाही, आणि वाडीपर्यंत पक्की नळयोजना आली तर त्याची गरजही उरणार नाही. तो दिवस लवकर यावा अशीच आमची प्रार्थना आहे. तोपर्यंत आपल्या मंडळीत निवृत्त फिटर, टर्नर किंवा प्लंबर असतील तर त्यांनी एक शनिवार आमच्याबरोबर वाडीत यावे. माझ्या धर्मशास्त्राच्या पदविकेत आट्यांची मापे शिकवली नव्हती. दोन उन्हाळे आम्ही ज्या चुका केल्या, त्यांतल्या निम्म्या एखाद्या अनुभवी मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी दाखवल्या असत्या.

या जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर पाईप गुंडाळला. मुलांनी क्लॅम्प ओढ्यावर धुतले, फडक्याने पुसले आणि आजींच्या झोपडीत तारेत ओवून खुंटीला टांगले. जानेवारीत अकरा वर नेले होते. मोजले, तर अकरा होते.